वडिलांचा नोकिया ११०० आणि झाकण वर आलेला स्मार्टफोन: जुन्या बॅटरीची तपासणी, चार्जिंग आणि बदल

आपल्या प्रश्नात दोन फोन आहेत. एक वडिलांचा नोकिया ११००, जो तीन वर्षांहून अधिक काळ कपाटात पडून होता आणि आता चार्जरला लावला तरी पडदा उजळत नाही. दुसरा २०१७ मध्ये घेतलेला रेडमी नोट ४, जो ४० टक्के दाखवत असतानाच बंद पडतो आणि ज्याचे मागचे झाकण एका कडेने वर आले आहे. पहिल्याची बॅटरी ‘बूस्ट’ करून देतो आणि दुसऱ्याचे झाकण दाबून बसवतो, असे दुकानदाराने सांगितले आहे. ते करावे का, घरी काय तपासता येईल आणि नवी बॅटरी घ्यायची झाल्यास ती कशी पारखावी, असे आपण विचारले आहे. पुण्यात गेली २२ वर्षे मी मोबाईल दुरुस्तीचे काम करतो आणि त्यातला मोठा वेळ जुन्या फोनच्या बॅटऱ्यांवरच गेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी दुसरा फोन घेऊ, कारण त्याच्या बाबतीत थांबून चालणार नाही. झाकण वर आले आहे ते आतली बॅटरी फुगल्यामुळे. लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लिथियम-कोबाल्टसारखे ऑक्साइड लेपलेले असते, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट, दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आणि या सगळ्यात भिनलेले एक ज्वालाग्राही सेंद्रिय द्रव. बॅटरी जुनी झाली, वारंवार तापली किंवा मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेजवर राहिली की या द्रवाचे हळूहळू विघटन होते, वायू तयार होतो आणि बाहेरचे पातळ पाकीट फुगते. अशा बॅटरीवर झाकण दाबून बसवले तर तो दाब शेवटी त्या मधल्या पडद्यावर येतो. पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होऊन काही सेकंदांत धूर आणि ज्वाळा निघू शकतात. दुकानदाराचा हा सल्ला अजिबात मानू नका.

आज आपण एवढेच करावे. फोन चालू होत असेल तर चार्जरला न लावता, आहे त्या चार्जवर फोटो आणि फोन क्रमांक दुसरीकडे उतरवून घ्यावेत. चार्ज २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आला की फोन बंद करावा आणि बॅटरी काढली जाईपर्यंत चिनी मातीच्या ताटलीत किंवा फरशीवर, कापड, कागद आणि गॅस यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. तो पुन्हा चार्जिंगला लावू नये, खिशात किंवा उशाशी ठेवू नये. बॅटरीत जितका चार्ज कमी, तितकी ती पेटली तरी कमी उग्र पेटते, एवढाच या खबरदारीचा आधार आहे. कधी धूर दिसलाच तर चार्जर भिंतीतून काढावा, धूर श्वासावाटे आत जाऊ देऊ नये, कारण त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे घातक वायू असतात, आणि जमल्यास फोन बाहेर मोकळ्यावर ढकलून त्यावर भरपूर पाणी ओतावे. मोबाईलच्या लहान बॅटरीसाठी पाणी चालते. ते तिला थंड करते आणि आग आजूबाजूला पसरू देत नाही.

आता ४० टक्क्यांवर बंद पडण्याचे कारण पाहू, कारण त्यातच जुन्या बॅटरीच्या तपासणीचे मर्म आहे. बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिच्यात दोन बदल होतात. तिची साठवण घटते, हे सर्वांना माहीत असते. पण तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे तिच्या आतूनच प्रवाहाला होणारा अडथळाही वाढतो, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. फोनने जोरात प्रवाह मागितला की या रोधामुळे बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज तेवढ्यापुरते खाली पडते. कॅमेरा उघडला, फ्लॅश लागला किंवा नेटवर्क कमजोर असताना फोन पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करू लागला, की व्होल्टेज क्षणभर फोनच्या किमान मर्यादेखाली जाते आणि फोन बंद होतो. टक्केवारी दाखवणारे गणित मात्र बॅटरी नवी असतानाच्या अंदाजांवर चाललेले असते, त्यामुळे ते ४० म्हणत राहते. चार्जरला लावताच फोन लगेच सुरू होतो आणि पुन्हा ३८ किंवा ४० टक्के दाखवतो, ही याच दोषाची खूण आहे.

हेच जुन्या नोकियातही घडते, आणि तिथे ते अधिक स्वच्छ समजते. टू-जी जीएसएम, म्हणजे जुन्या दुसऱ्या पिढीच्या नेटवर्कवरचा फोन सलग प्रक्षेपण करत नाही. तो दर ४.६ मिलिसेकंदांनी सुमारे ०.५८ मिलिसेकंदांचा एक झटका देतो. सिग्नल कमजोर असेल तर या झटक्यात २ अँपिअरच्या घरात प्रवाह लागू शकतो. बॅटरीचा रोध ०.१५ ओहम असेल तर त्या क्षणी ०.३ व्होल्ट पडतात आणि फोनला काही वाटत नाही. रोध ०.३ ओहम झाला तर ०.६ व्होल्ट पडतात, म्हणजे ३.८ व्होल्टची बॅटरी फोनला ३.२ व्होल्टची दिसते. माझ्याकडे कोकणातून येणारे ग्राहक सांगतात की पुण्यात दोन दिवस चालणारा फोन घाटात कॉल लावताच बंद पडतो. त्यांचे म्हणणे शब्दशः खरे असते. शहरात टॉवर जवळ असल्यामुळे फोन कमी ताकदीने बोलतो, घाटात त्याला पूर्ण जोर लावावा लागतो आणि बॅटरीचा वाढलेला रोध उघडा पडतो.

म्हणून मल्टीमीटरवर नुसते व्होल्टेज पाहून बॅटरी चांगली ठरवू नये. पूर्ण निकामी झालेली बॅटरीही चार्ज करून लगेच मोजली तर ४.१ व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा भाराखाली, म्हणजे बॅटरीतून प्रवाह ओढला जात असताना होते, आणि त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. १० ओहम, ५ वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. आपल्या नोकियाची बॅटरी बीएल-५सी आहे. तिला तीन पितळी रंगाचे संपर्क असतात; कडेच्या दोनांवर अधिक आणि उणे अशी खूण असते आणि मधला संपर्क फोनला बॅटरीची ओळख पटवण्यासाठी असतो, त्याला हात लावायचा नाही. चार्ज केलेली बॅटरी तासभर तशीच ठेवावी आणि मग भाराविना व्होल्टेज मोजावे. त्यानंतर रेझिस्टर अधिक-उणे संपर्कांना जोडून दहा सेकंदांनी पुन्हा मोजावे, आणि मीटरची टोके रेझिस्टरच्या तारांवर न ठेवता थेट बॅटरीच्या संपर्कांवर ठेवावीत, नाहीतर जोडणीतला रोधही बॅटरीच्या नावावर जमा होतो.

समजा भाराविना ४.१० आणि भाराखाली ४.०४ व्होल्ट आले. प्रवाह झाला ४.०४ भागिले १०, म्हणजे सुमारे ०.४ अँपिअर, पडलेले व्होल्टेज ०.०६, रोध सुमारे ०.१५ ओहम. बीएल-५सीसाठी मी हे आकडे चांगले मानतो. भाराखाली ३.९८ आले तर रोध ०.३ ओहम होतो, आणि अशी बॅटरी घड्याळ-गजरासाठी चालेल, पण बोलण्यासाठी तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. व्होल्टेज ३.८ च्या खाली कोसळत असेल तर पुढची तपासणी करण्याचे कारणच उरत नाही.

साठवण मोजायची असेल तर तोच रेझिस्टर जोडून ठेवावा आणि दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज टिपावे. सरासरी प्रवाह ०.३७ अँपिअर धरला तर व्होल्टेज ३.० वर येईपर्यंत लागलेल्या तासांना ३७० ने गुणले की साठवण एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-तासांत) मिळते. १०२० एमएएचची बॅटरी नवी असताना पावणेतीन तासांच्या आसपास टिकली पाहिजे. हे करताना उठून जाऊ नये, कारण रेझिस्टर आपणहून थांबत नाही, तो चांगलाच तापतो, आणि ३.० च्या खाली बॅटरी ओढत नेणे तिला हानिकारक असते. साठवण मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलावी, असा या धंद्यातला सर्वमान्य संकेत आहे. दिवसाला दोन-चार कॉल घेणाऱ्या साध्या फोनसाठी मात्र मी तो इतका कडक पाळत नाही. रोध ठीक असेल तर ६० टक्के साठवणीची बॅटरीही नोकिया ११०० सहज दिवसभर चालवते.

स्मार्टफोनमध्ये बॅटरी आत बंद असल्यामुळे ही चाचणी करता येत नाही. काही अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* दाबल्यास बॅटरीचे तापमान आणि व्होल्टेज दिसते. हे अंक इंग्रजी आकड्यांतच दाबावेत. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून कॅमेरा सुरू करावा आणि व्होल्टेज किती खाली बसते ते पाहावे, म्हणजे भाराखालची तीच परीक्षा ढोबळ रूपात होते. आपल्या फुगलेल्या फोनवर मात्र यातले काहीही करू नका. त्याचा निकाल लागलेला आहे.

आता वडिलांच्या फोनकडे येतो. तीन वर्षे पडून राहिलेली बीएल-५सी मीटरवर शून्य किंवा अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवत असेल, तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. प्रत्येक मोबाईल बॅटरीत सेलच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या मूळ भागाच्या डोक्यावर एक छोटी संरक्षक पट्टी असते. सेलचे व्होल्टेज साधारण २.४ च्या आसपास आले की ती पट्टी सेलला बाहेरच्या संपर्कांपासून तोडते. अशा वेळी सेल २.४ व्होल्टवर शाबूत असतो, पण बाहेर शून्य दिसते. दुसरा अर्थ असा की पट्टीने तोडल्यानंतरही सेल स्वतःच्या गळतीने आणि पट्टीला लागणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाने झिरपत राहिला, आणि आता तो खरोखरच १ व्होल्टच्या खाली आहे. बाहेरून मीटर लावून या दोहोंतला फरक कळत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, आणि ‘बूस्ट’ करणारे दुकानदार नेमका तोच पाहत नाहीत. सेल २ व्होल्टच्या खाली दीर्घकाळ राहिला की ऋण बाजूच्या पत्र्यातले तांबे द्रवात विरघळू लागते. पुढे तो चार्ज केला की हेच तांबे जागोजागी पुन्हा साठते आणि मधल्या पडद्यातून पलीकडे जाणारे सूक्ष्म पूल तयार करू शकते. बूस्टर यंत्र किंवा पॉवर सप्लाय लावून अशा सेलला काही सेकंद जोराचा प्रवाह दिला तर व्होल्टेज उसळी घेते, फोन सुरू होतो, ग्राहक आनंदाने पैसे देतो. पण तो दोष आतच राहतो आणि आठवडाभराने, महिन्याने, रात्री चार्जिंगला लावलेला असताना डोके वर काढू शकतो. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे असे बूस्ट करून दिले आहेत आणि आज त्याचा खेद वाटतो. वडिलांचा फोन जपण्यासारखा आहे, ती बॅटरी नाही. ती वापरून संपणारी वस्तू आहे.

तरीही ती पाहायचीच असेल तर सुरक्षित मार्ग असा आहे. आधी बॅटरी काचेच्या पृष्ठभागावर आडवी ठेवून हलकेच फिरवावी. ती भिंगरीसारखी मधल्या फुगवट्यावर गरगरली तर ती फुगलेली आहे आणि विषय तिथेच संपला. ती सपाट असेल तर फोनमध्ये घालून मूळ जाड पिनच्या चार्जरला लावावी आणि पडदा कोरा असला तरी अर्धा तास थांबावे, कारण पूर्ण रिकाम्या बॅटरीला हे फोन आधी अगदी मंद प्रवाह देतात आणि चार्जिंगची खूण पडद्यावर येण्यास वेळ लागतो. या काळात कोणीतरी समोर बसलेले असावे. हात लावल्यावर बॅटरी कोमट होण्यापलीकडे तापली, तर चार्जर काढून बॅटरी बाहेर ठेवावी.

ज्यांना मीटर आणि सोल्डरिंगची सवय आहे त्यांच्यासाठी टीपी४०५६ हे लहानसे चार्जिंग मॉड्यूल चांगले आहे. ते आधी ठरावीक प्रवाहाने भरते, ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी होऊ देते, आणि प्रवाह ठरवलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला की थांबते. लिथियम-आयन चार्ज करण्याची योग्य रीत हीच आहे. सेल २.९ व्होल्टच्या खाली असेल तर ते आपोआप दहाव्या हिश्श्याच्या मंद प्रवाहाने सुरुवात करते. मात्र बाजारात हे मॉड्यूल १ अँपिअरवर ठरवून येते आणि तेवढा प्रवाह बीएल-५सीला जास्त आहे. त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावला की प्रवाह सुमारे २५० मिलिअँपिअर होतो आणि सुरुवातीचा मंद प्रवाह २५ मिलिअँपिअर. तासाभरात व्होल्टेज २.९ ओलांडत नसेल तर प्रयत्न सोडून द्यावा. अधिक-उणे उलटे जोडले तर मॉड्यूल जळते, हेही ध्यानात असू द्यावे.

बॅटरी पूर्ण भरली म्हणजे ती उत्तीर्ण झाली, असे समजू नये. भरल्यावर तासाभराने व्होल्टेज टिपावे, बॅटरी फोनबाहेर ताटलीत ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजावे. निरोगी सेल ४.१८ वरून फार तर एक-दोन शतांश व्होल्ट उतरतो. एका दिवसात तो ४.१० च्या खाली आला तर आत गळती आहे आणि भाराची परीक्षा कितीही चांगली आली तरी अशी बॅटरी मी वापरू देत नाही. माझा अनुभव असा की तीन वर्षे रिकाम्या पडलेल्या बॅटऱ्यांपैकी बहुतेक याच पायरीवर अडकतात.

चिमट्याने बॅटरी धरून थेट भिंतीतल्या प्लगला लावायचे युनिव्हर्सल चार्जर अजूनही बाजारात दिसतात. त्यांतले अनेक ४.२ व्होल्टला नीट थांबत नाहीत आणि बॅटरीचा मधला संपर्क तर वापरतच नाहीत. ते घरात असतील तर बाजूला काढावेत.

चार्जिंगच्या सवयींबद्दल थोडक्यात सांगतो. नव्या बॅटरीला पहिल्यांदा आठ तास चार्जिंग आणि अधूनमधून शून्यापर्यंत उतरवणे, हे दोन्ही सल्ले निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातले आहेत. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० सोबत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मिळत असे, आणि त्या पिढीने शिकलेली रीत पुढे लिथियमलाही लावली गेली. लिथियमला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही आणि पूर्ण भरून तसेच राहणेही मानवत नाही. ती २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये खेळती ठेवली तर सर्वाधिक टिकते. रात्रभर चार्जरला राहिल्याने चांगला फोन जास्त भरत नाही, पण ४.२ किंवा ४.४ व्होल्टवर तासन्‌तास बसून आणि वर जाड कव्हरमुळे तापून बॅटरी लवकर झिजते. जुन्या फोनला जलद चार्जरऐवजी ५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा चार्जर लावावा, कव्हर काढावे आणि चार्जिंग चालू असताना व्हिडिओ पाहू नये.

उष्णता हा बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. बॅटरी वर्षभर नुसती ठेवली तर साठवणीचे काय होते, याचे वारंवार दिले जाणारे आकडे असे आहेत: २५ अंश सेल्सिअसला ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, ४० अंशांना पूर्ण भरून ठेवली तर सुमारे ६५ टक्के. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेल्या फोनची गत यावरून समजावी. फोन दीर्घकाळ ठेवायचा असेल तर ४० ते ५० टक्के चार्ज करावा, बॅटरी निघत असेल तर काढून वेगळी, घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवावी आणि दर चार-पाच महिन्यांनी मोजून ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणावी. वडिलांच्या फोनबाबत एवढे केले असते तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता.

नवी बीएल-५सी घेताना लोक एक चूक हमखास करतात: ‘कंपनीची ओरिजिनल, सीलबंद’ म्हणून पंधरा वर्षांपूर्वीची बॅटरी शोधून काढतात. लिथियम-आयन वापरली नाही तरी वयाने झिजते. २०१० मध्ये बनलेली अस्सल बॅटरी आज बहुतेक निरुपयोगी असते, आणि गेल्या वर्षी बनलेली दुसऱ्या कंपनीची, पण प्रामाणिकपणे बनवलेली बॅटरी तिच्याहून कितीतरी चांगली. म्हणून आधी निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे. त्याच ओघात एक सूचना. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता, कारण त्यांतल्या काही चार्जिंगच्या वेळी आतल्या शॉर्टमुळे तापत होत्या. आपल्या फोनमधली बॅटरी त्या काळातली निघाली तर वरच्या कोणत्याही तपासणीत वेळ घालवू नये.

दुसरी खूण वजन आणि आकाराची. बीएल-५सी साधारण ५३ × ३४ × ५.६ मिलिमीटर असते आणि तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. एवढ्या जागेत हजार एमएएचच्या आसपासच साठवण मावते. त्याच आकारावर २५०० किंवा ३००० एमएएच छापलेले असेल तर ते छापणाऱ्याने खोटे छापले आहे, आणि जो क्षमतेबाबत खोटे छापतो त्याने संरक्षक पट्टीत काय घातले असेल याची खात्री देता येत नाही. सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॅटरी १४-१५ ग्रॅमच भरली तर परत करावी. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे; वेष्टनावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून पाहता येतो. क्रमांक नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला तर ती बॅटरी घेऊ नये. परदेशातल्या नातेवाइकांकडून बॅटरी मागवत असाल तर त्यांना आठवण द्यावी की सुटी लिथियम बॅटरी विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

रेडमीची बॅटरी घेताना निराळी काळजी लागते. रेडमी नोट ४ या एकाच नावाने दोन वेगळे फोन आले, मीडियाटेक प्रोसेसरचा आणि स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा. पहिल्याची बॅटरी बीएन४१, दुसऱ्याची बीएन४३. भारतात जानेवारी २०१७ पासून विकला गेला तो दुसरा. दुकानदाराला फोनचे नाव सांगू नये, जुन्या बॅटरीवरचा क्रमांक दाखवावा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेष्टनावरचे चार्जिंग मर्यादेचे व्होल्टेज पाहावे. हा फोन बॅटरी ४.४ व्होल्टपर्यंत भरतो. स्वस्त बॅटरीत कोणी ४.२ व्होल्टचा सेल घातला असेल तर फोन त्याला दर वेळी मर्यादेपलीकडे भरत राहील आणि काही महिन्यांत तीही फुगेल. ‘नवी घातली तीही फुगली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या फोनमध्ये मला हे अनेकदा आढळले आहे. जुन्या बॅटरीची संरक्षक पट्टी काढून नव्या सेलवर सोल्डर करून देणारेही भेटतात. सेलच्या पत्र्यावर सोल्डरिंगची उष्णता देणे चुकीचे आहे, तिथे स्पॉट वेल्डिंगच (क्षणभर मोठा प्रवाह देऊन केलेली जोडणी) हवे, म्हणून असा जुगाड स्वीकारू नये.

फुगलेली बॅटरी काढण्याचे काम आपण घरी करू नये, असे माझे मत आहे. पण काम करणाऱ्याकडे उभे राहून काय पाहावे ते सांगतो. सिमचा ट्रे आधी बाहेर निघाला पाहिजे. झाकण उघडताना ते एका झटक्यात ओढायचे नसते, कारण बोटाच्या ठशाचा सेन्सर मागच्या झाकणावर असलेल्या फोनमध्ये त्याची पातळ पट्टी सहज तुटते. झाकण निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सुटला पाहिजे, बाकी काहीही त्यानंतर. बॅटरी खाली चिकटपट्टीने चिकटलेली असते. तिला ओढायची शेपटी दिलेली असेल तर ती सावकाश, आडवी ओढावी. नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून काही मिनिटे थांबावे आणि मग प्लास्टिकच्या कार्डाने किंवा दोऱ्याने हळूहळू सोडवावे. कारागिराने हीट गन किंवा लोखंडी पात हातात घेतली तर त्याला तिथेच थांबवावे. २०१४ च्या सुमारास माझ्याच हातून पोलादी पातीने एका बॅटरीचे पाकीट चिरले गेले होते. ठिणगी दिसली नाही, नुसती फुस्स झाली, आणि पुढच्या क्षणी टेबलावर धूर होता. शेजारी वाळूची बादली होती म्हणून दुकान वाचले. त्या दिवसापासून बॅटरीजवळ धातूचे हत्यार मी नेत नाही आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही नेऊ देत नाही.

नवी बॅटरी बसवल्यावर झाकण लावण्याआधी कनेक्टर जोडून फोन सुरू करून पाहावा आणि तिच्या चारी बाजूंना किंचित मोकळी जागा आहे ना, खाली एखादा सुटा स्क्रू तर राहिला नाही ना, हे पाहावे. स्क्रूच्या टोकाने पाकिटाला भोक पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मग फोन एकदा १०० टक्के भरावा, नेहमीप्रमाणे वापरून १० टक्क्यांच्या आसपास येऊ द्यावा आणि पुन्हा सलग पूर्ण भरावा. यामुळे बॅटरीच्या तब्येतीत फरक पडत नाही, पण फोनचे टक्केवारीचे गणित नव्या बॅटरीशी जुळते. पहिले आठ-दहा दिवस झाकणाची कड रोज बोटाने चाचपून पाहावी.

काढलेल्या दोन्ही बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात किंवा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या तर तिथे आग लागते आणि भाजतो तो सफाई कामगार. बॅटरी व्यवस्थापनाच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा महापालिकेच्या ई-कचरा संकलनात त्या देता येतात. संपर्कांवर सेलोटेप चिकटवावी, बीएल-५सी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूने भरलेल्या डब्यात, झाकण घट्ट न लावता ठेवावी, आणि त्या स्वतः नेऊन द्याव्यात. फुगलेली बॅटरी कुरिअरने पाठवू नये.